'तुजी खुशी' म्हणताना माझा आवाज बसतो

माडाखालची | रविवार, रात्री ११:४८

सगळ्यांना सलाम. मी इथे बहुतेक वाचनमात्रच असते. माशांच्या पाककृतींवर कधीतरी एखादा प्रतिसाद, तेवढाच. हा धागा काढू की नको, यात आठ दिवस गेले.

आम्ही मालवणच्या बाजूचे, कॅथलिक. नवरा ४६ वर्षांचा, स्वतःच्याच बोटीवर तांडेल (बोट चालवणारा). ऑक्टोबरात हंगाम जरा कुठे लागत होता. पहाटे जेटीवर बर्फ चढवताना तो खाली बसला तो उठलाच नाही. मेंदूत गुठळी. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. आता 'हां' आणि 'नाय' एवढंच येतं, त्यातही हांच्या जागी नाय येतं आणि मग तो स्वतःवरच चिडतो. बोट वर ओढून झावळ्यांनी झाकून ठेवलीय. मुलगी दहावीला. जून-जुलैच्या बंदीतही कर्जाचा हप्ता थांबत नाही, ते इथल्या दर्यावर्दी मंडळींना सांगायला नको.

पण धागा कर्जाबद्दल नाही.

आमच्या घरी रोज तिन्हीसांजेला तेर्स (रोझरीची प्रार्थना) होतो. मांय (माझी सासू) सांगते, आम्ही मागून म्हणतो, आजीच्या वेळेपासून कोकणीतच. त्यात 'आमच्या बापा'मध्ये वाक्य येतं, 'तुजी खुशी सर्गार जाता तशी संसारांत जांव'. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलं असेल. खुशी म्हणजे इथे इच्छा, हे मला कळतं. पण मी मराठी शाळेत शिकले, माझ्या कानाला खुशी म्हणजे आनंदच. ऑक्टोबरापासून त्या वाक्याशी आले की आवाज बसतो. जेवण भरवताना याच्या तोंडातून अर्धी पेज गळ्यावर ओघळते, ही तुझी खुशी?

मांयला एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "देवाची खुशी, बाये. आपण काय करतलों?" तिचं दुःख माझ्यापेक्षा कमी नाही, तिचा मुलगा आहे तो. म्हणून वाद घातला नाही.

देवाचं माझ्यावर प्रेम आहे, असं मी मुलीला कॅटेकिझमपासून (धर्मशिक्षणाच्या वर्गापासून) शिकवत आले. त्याला यात खुशी असेल तर ते कसलं प्रेम? आणि खुशी नसेल तर हे झालं कसं? आमच्या फादरांना विचारायचा धीर होत नाही. उपदेश नको. ज्यांनी सोसलंय त्यांनी लिहा.

---

विश्वासवीर | सोमवार, सकाळी ६:१०

ताई, आजपासून 'बरा होईल' म्हणू नका, 'बरा झाला आहे' असंच म्हणा. शंका आणली की आशीर्वाद अडतो. घरात काही अडथळा आहे का, कुणाचं पाप कबूल करायचं राहिलंय का, ते तपासा. उपवास धरा. चमत्कार नक्की.

---

पाळकाचा_नातू | सोमवार, सकाळी ९:३५

विश्वासवीर, हळू घ्या. आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नावं खोडली (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले तेव्हाही तो म्हणाला, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजता काय? (लूक १३). ज्या बाईला रात्री चार तास झोप मिळते तिला अजून एक हिशेब तपासायला लावू नका.

ताई, मी प्रॉटेस्टंट, रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्याकडे ते वाक्य 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं आहे, त्यामुळे तुमची ठेच आम्हाला कधी लागलीच नाही. खरं तर लागायला हवी होती. आजोबा चर्चमध्ये पाळक होते. ते या वाक्यावर एक गोष्ट सांगायचे, ती माझ्या शब्दांत लिहितो.

'होवो' हे मागणं आहे. जे झालेलंच आहे ते कुणी मागत नाही. भरल्या पोटी कुणी 'भाकर दे' म्हणत नाही, तसंच. जगात जे जे घडतं ते सगळं आधीच देवाच्या इच्छेप्रमाणे असतं, तर येशूने शिष्यांना हे मागायला शिकवलंच नसतं. तुमच्या कोकणीत तर ते आणखी उघड आहे: सर्गार जाता तशी. म्हणजे तिथे होते, इथे अजून नाही. तिथे कुणाच्या मेंदूत गुठळी होत नाही. म्हणजे मांयच्या 'देवाची खुशी' या बोलण्याशी हे वाक्य जुळत नाही, उलट त्याच्या विरुद्ध बाजूने चालतं. तेर्सात तुम्ही म्हणता ती जवळजवळ तक्रारच आहे: इथे तुझ्या मनासारखं चाललेलं नाही, ते चालू दे.

मूळ ग्रीकमध्ये तिथे 'थेलेमा' आहे, इच्छा. 'खुशी' हा शब्द ज्यांनी कोकणीत आणला त्यांनीही इच्छाच म्हणायचं असणार. पण मला तो आवडला. देवाला जे आवडतं ते इथे व्हावं, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. आणि त्याला काय आवडतं ते येशू आजाऱ्यांशी कसा वागला त्यावरून दिसतं. पक्षाघाताच्या एकाही माणसाला त्याने 'असाच राहा, यात माझी खुशी आहे' म्हटलेलं शुभवर्तमानांत नाही.

---

माडाखालची | सोमवार, दुपारी २:१५

नातू, हे दोनदा वाचलं. आता तो झोपलाय म्हणून लिहितेय. तक्रार म्हणून म्हणायचं, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. पण आवाज अजून बसतोच. आज बघते.

विश्वासवीर दादा, तुमच्या मनात वाईट नाही हे कळतं. पण 'बरा झाला आहे' असं मी म्हटलं तर त्याला ऐकू येतं. त्याचे कान शाबूत आहेत.

---

नास्तिक_नाना | सोमवार, दुपारी ४:०२

मी इथे यायला नको खरं तर. ताईंबद्दल सहानुभूती पूर्ण आहे. पण नातूसाहेब, तुमचं व्याकरण मान्य केलं तरी प्रश्न तिथेच आहे. देवाला हे आवडत नाही आणि तो सर्वशक्तिमान आहे, तर मग तो करतो काय? बघत बसतो?

---

पाळकाचा_नातू | सोमवार, दुपारी ४:४०

नाना, या बाबतीत माझी पाटी कोरी आहे, आणि ती भरलेली आहे असं दाखवणाऱ्यांपासून मी लांब राहतो. बायबलातल्या ईयोबावर संकटांमागून संकटं येतात, पण त्याला ४२ अध्यायांत कारण सांगितलेलं नाही. आपल्याला वाचकांना पहिल्या दोन अध्यायांत पडद्यामागचं कळतं, त्याला शेवटपर्यंत नाही. देव वावटळीतून बोलतो तो समुद्र, पाऊस, रानबकऱ्या यांच्याबद्दल. मात्र एक गोष्ट तो स्पष्ट करतो: मित्रांना सुनावतो आणि ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला म्हणतो. म्हणजे देवाची बाजू घेऊन कारणं देणारे चुकले आणि अख्खं पुस्तकभर देवाशी भांडणारा बरोबर ठरला. ते मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री गप्प बसले होते ना, तेवढंच त्यांचं चांगलं काम.

आणि येशूचं क्रूसावरचं वाक्य. 'माझ्या देवा, माझा त्याग का केलास?' ते स्तोत्र २२ मधलं. ते ओरडून विचारलं गेलं आणि त्या घटकेला वरून काहीही उत्तर आलेलं लिहिलेलं नाही. त्यामुळे 'का?' विचारणारा माणूस विश्वासाच्या बाहेर गेला, असं मला कुणी पटवू शकत नाही. तुम्हाला हे पुरणार नाही, माहीत आहे.

---

नास्तिक_नाना | सोमवार, दुपारी ४:५१

नाही पुरत. पण कोरी पाटी दाखवलीत त्याबद्दल आभार. ताई, कागदपत्रांचं, विम्याचं काही काम असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे.

---

जुना_खलाशी | सोमवार, रात्री ९:२०

मी देवगडच्या एका बोटीवर खलाशी होतो. आता गुडघे गेले, घरीच असतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा आम्ही बाहेर होतो. त्या रात्रीचं सगळं नाही लिहीत. एवढंच सांगतो, त्या वेळी मला देवाचं प्रेमबिम काही वाटलं नाही. ओकारी वाटत होती आणि भीती वाटत होती. प्रार्थना केली का? तोंडात एकच होतं, 'सायबा भोगस, सायबा भोगस' (देवा, क्षमा कर). बरोबरचे दोघे हिंदू, ते आपल्या रवळनाथाला हाका मारत होते.

नंतर कुणीतरी मला बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचायला दिला. पौलाची बोट फुटते तो. लिहिणारा माणूस बोटीवर होता हे वाचताक्षणी कळतं. मध्यरात्री खलाशांना वास येतो की जमीन जवळ आली. दोरी सोडून पाणी मोजतात, २० वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी). थोडं पुढे, १५ वाव. खडकावर आदळू म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडावं म्हणून वाट बघत बसतात. बस. त्या रात्रीत एवढंच केलं. त्याआधी कितीतरी दिवस ना सूर्य ना तारे.

ताई, मला वाटतं की तुम्ही आत्ता १५ वावावर आहात. इथे बोट चालवायची नसते. नांगर टाकायचा आणि उजाडायची वाट बघायची. तेर्साला बसता ना? बसा. म्हणता येत नसेल तर नुसतं बसा. तोही नांगरच.

अजून एक. त्या गोष्टीत २७६ माणसं होती, सगळी वाचली. पण बोट गेली. देवाने पौलाला आधीच तसं सांगितलं होतं. कोण पोहत आला, कोण फळीवर. मी प्रवचनं पुष्कळ ऐकली, पण बोट गेली हे कुणी जोर देऊन सांगत नाही. आम्ही बोटवाले, आम्हाला तेच पहिलं दिसतं. तुमची बोट काय होईल मला माहीत नाही. झावळ्यांखाली उंदीर घुसतात, जाळी वर टांगा.

---

माडाखालची | सोमवार, रात्री १०:०५

काका, जाळी उद्याच वर घेते. आणि तुमच्या प्रतिसादावर रडले, चांगलं रडले.

---

रत्नांग्रीकर | मंगळवार, सकाळी ८:००

पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचा असं सुचवेन. आईवडील दुष्काळातल्या भटकंतीत गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. शेवटी एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये डोळ्यांदेखत. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत. विश्वास काय असतो ते तिथे दिसतं.

---

माडाखालची | मंगळवार, सकाळी ११:३०

रत्नांग्रीकर, रागावू नका. रमाबाई फार मोठ्या. पण त्यांच्याबद्दल वाचून मला आणखी लहान वाटतं. त्यांनी बायबलचं भाषांतर केलं, मला बिलांचे आकडे लागत नाहीत.

---

रत्नांग्रीकर | मंगळवार, सकाळी ११:४४

बरोबर आहे. माझी चूक झाली. मी स्वतः वडिलांच्या वेळी वर्षभर देवळाची पायरी चढलो नव्हतो आणि इथे दुसऱ्याला रमाबाई सांगतोय.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:१०

मी नर्स आहे, बावीस वर्षं. आधी आमच्या कामाचं.

पेज ओघळते म्हणालात. पातळ पदार्थ गिळायला जास्त अवघड जातात. भरवताना पूर्ण बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, घास डाव्या बाजूने. ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज घोगरा होत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, श्वासनळीत जात असू शकतं. पेज किती घट्ट हवी तेही त्यांनाच विचारा. फिजिओ चुकवू नका. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे हळू, पण थांबतेच असं नाही.

आता बोलण्याबद्दल. उजवी बाजू गेली की बऱ्याचदा भाषाही जाते, कारण दोन्ही मेंदूच्या डाव्या भागात असतं. पण पाठ झालेलं, चालीतलं, रोजचं बोलणं पुष्कळदा शिल्लक राहतं. वारांची नावं, आकडे, गाणी, शिव्यासुद्धा. आणि प्रार्थना. 'पाणी हवं' म्हणता न येणारे पेशंट अख्खं गाणं म्हणताना मी पाहिलेत. तेर्साला त्यांना खाटेवर आत ठेवता की बाहेर तुमच्यात बसवता? बसवत नसाल तर बसवा. अपेक्षा ठेवू नका, नुसतं बसवा.

तुमच्याबद्दल. एलियाची गोष्ट आठवा (१ राजे १९). मोठा संदेष्टा, झुडपाखाली पडून 'आता पुरे, मला मरू दे' म्हणाला. देवाने उपदेश केला नाही. दूत आला, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, 'उठ, खा'. तो खाऊन पुन्हा झोपला. पुन्हा भाकर. देवाशी बोलणं त्यानंतर, कितीतरी दिवसांनी. तेव्हा आधी झोप. आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कुणाला तरी उठू द्या. पुरुष पाहुण्यांनाही उठवता येतं, हात असतात त्यांना. मन अगदीच खचलं, जीव नकोसा वाटला तर टेलिमानसला फोन करा, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याशी रात्रपाळीत वाद घालायला यावं.

---

शेजारघर | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी ख्रिस्ती नाही. मालवणातलाच. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

आमच्या वाड्यात रापण होती. पन्नासेक माणसं दोन बाजूंनी दोर ओढायची, त्यात तुमच्या समाजाचे अर्धे. मासळीचे वाटे वाळूतच पडायचे. माझे आजोबा एका पावसाळ्यानंतर काविळीने महिनाभर अंथरुणात होते. तरी रोज त्यांचा वाटा घरी यायचा. आजीने एकदा विचारलं, दोराला हात कुणाचा लागला होता? घेऊन आलेला बाप्या म्हणाला, "तेच्या जाग्यावर आमी जरा जोरान ओडलंव." एवढंच.

तुमच्या पुस्तकातलं मला काही येत नाही. पण प्रार्थना जमत नसेल तर कुणीतरी तुमच्या जागेवर जोरात ओढत असेलच की.

---

पाळकाचा_नातू | मंगळवार, सायंकाळी ७:०५

शेजारघर, पुस्तकातलं येत नाही म्हणता आणि मार्कचा दुसरा अध्याय सांगून मोकळे झालात! पक्षाघाताच्या माणसाला चौघे खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, तर छप्पर उघडून वरून सोडतात. लूकने तर कौलं काढली असं लिहिलंय, अगदी आपल्याकडच्यासारखी. आणि तिथे शब्द असे आहेत: येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. खाटेवरच्याचा किती होता, होता की नव्हता, यावर एक अक्षर नाही.

(घरमालकाचं काय झालं, पावसाळ्याआधी कौलं कुणी परत बसवली, हा माझा लहानपणापासूनचा प्रश्न.)

---

कोर्लईकर | मंगळवार, रात्री ११:१५

उशिरा आलो. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमची नारळ-सुपारीची वाडी तीन तासांत झोपली. आजोबांनी लावलेले माड. नवीन माड धरायला सहा-सात वर्षं, म्हणजे तेव्हा लावलेले आत्ता कुठे. त्या रविवारी कुणीतरी मला बायबलातला हबक्कूक संदेष्टा पाठवला: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. मला तो फोन फेकून द्यावासा वाटला.

बऱ्याच महिन्यांनी पूर्ण पुस्तक वाचलं, तीनच अध्याय आहेत. सुरुवात कुठून होते? 'परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू, तू ऐकत नाहीस.' तो 'तरी' तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येतो. लोक शेवट कापून पाठवतात. ताई, तुम्ही पहिल्या अध्यायात आहात तर पहिल्याच अध्यायात राहा, कुणी घाई करत असेल तर करू दे. आणि स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी 'तरी' नाहीच. तेही बायबलात ठेवलंय.

मला स्वतःला 'तरी' म्हणायला दोन पावसाळे लागले. अजूनही जोराचा वारा सुटला की पोटात गोळा येतो.

---

विश्वासवीर | बुधवार, सकाळी ६:२०

ताई, माझा प्रतिसाद कठोर झाला. माझ्या बायकोच्या आजारात मी तेच करत होतो, स्वतःलाच धाकात ठेवत होतो. ती गेली. मी अजून 'अडथळा' शोधतो आहे. माफ करा.

---

माडाखालची | बुधवार, सकाळी ७:०२

दादा. माफी कसली. तुमच्या बायकोचं नाव व्यनिने कळवा, शनिवारी आमच्याकडे लादीन (घरातली सामूहिक प्रार्थना) आहे, तिच्यासाठी एक 'नमन मरिये' होईल.

---

माडाखालची | रविवार, रात्री १०:३०

काल लादीन झाली. रात्रपाळीताईंचं ऐकून याला बाहेर पडवीत खुर्चीवर बसवलं, दोन्ही बाजूंना उशा. माणसं वीसेक. शेजारची हिंदू मंडळीही होती, नेहमी असतातच. जुन्या खलाशांचं ऐकून मीही ठरवलं होतं, नुसतं बसायचं.

'आमच्या बापा' सुरू झालं. 'तुजी खुशी'शी माझा आवाज गेला, नेहमीसारखा. बाकीचे म्हणत होते. मी फक्त ऐकलं, वीस माणसांचं, मागणं म्हणून. नातू, तुम्ही म्हणालात तसं ते ऐकू आलं खरं. तक्रारीसारखं. मांयचा आवाज सगळ्यांत मोठा होता, तीही तक्रारच करतेय की काय असं वाटलं.

मग पुढचं वाक्य, 'आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी' (आमची रोजची भाकर आज आम्हाला दे). आणि 'गिरास'ला हा बोलला. जड, ओढल्यासारखं, पण गिरास. सगळ्यांना ऐकू गेलं. क्षणभर सगळे थांबले, लादीनवाल्या काकांची तार चुकली. आणि मग माझी मुलगी फिसकन हसली, कारण ऑक्टोबरापूर्वी जेवणाला पाच मिनिटं उशीर झाला की हा माणूस घर डोक्यावर घ्यायचा. देवाच्या खुशीचं वाक्य सोडून नेमका भाकरीला बोलला. मांय हसता हसता रडत होती. तो पण हसला, एका बाजूने.

नंतर 'पाणी' म्हणायला लावलं तर 'नाय' आलं. आज दिवसभर काही नाही. संध्याकाळी तेर्साला पुन्हा 'गिरास' आलं आणि 'आज'सुद्धा.

माझा आवाज अजून बसतो तिथेच. उद्या फिजिओ आहे. जाळी वर टांगली, दोन ठिकाणी उंदरांनी खाल्लेलीच होती. नाना, विम्याचा फॉर्म व्यनि केलाय, तिसऱ्या पानावरचं काही कळत नाही.

---

जुना_खलाशी | रविवार, रात्री १०:५२

किती वाव भोक आहे? दोन हात असेल तर मी शिवून देतो. बसून करायचं काम आहे.